महायुद्धांनी स्त्रियांना काय दिले?

इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य दरवर्षी आमच्या दृष्टीस पडते : "महायुद्धात पुरुष रणांगणावर गेले, स्त्रिया कारखान्यांत काम करू लागल्या आणि त्यामुळे त्यांना समान हक्क मिळाले." वाक्य सुटसुटीत आहे, आणि लिहिणाऱ्यास त्याचे गुणही मिळतात. तरीही त्यातील 'त्यामुळे' ह्या शब्दापाशी आमची लेखणी क्षणभर थांबते. काम केले आणि हक्क पदरात पडले, इतका सरळ हिशेब इतिहासात क्वचितच आढळतो. काम कोणी केले, त्याचे मोल कोणी ठरविले, घरचा भार कोणी वाहिला आणि युद्ध संपल्यावर हाती काय उरले, हे प्रश्न त्या एका शब्दाआड लपून राहतात. विद्यार्थिमित्रांनो, त्यांचा थोडा विचार करण्याचे आम्ही ह्या लेखात योजिले आहे.

उदाहरणादाखल आम्ही ब्रिटन हा देश घेतला आहे. दोन्ही महायुद्धांत तो देश आरंभापासून अखेरपर्यंत गुंतलेला होता. त्या काळचे कायदे, पार्लमेंटातील वादविवाद, इतकेच नव्हे तर सामान्य गृहिणींच्या रोजनिशा तेथे जतन करून ठेवलेल्या आहेत. त्यामुळे ह्या विषयाचा शोध तर्कावर न सोडता पुराव्याने घेता येतो.

पहिले महायुद्ध : पिवळ्या हातांच्या मुली

इ. स. १९१४ पूर्वी ब्रिटनमधील कष्टकरी स्त्रियांचे सर्वांत मोठे कामाचे क्षेत्र म्हणजे श्रीमंतांच्या घरची चाकरी होय. कापडगिरण्यांतही पुष्कळ स्त्रिया होत्या. शिक्षिका, टपालखात्यातील कारकून अशा सुशिक्षित स्त्रियाही होत्या. परंतु विवाह झाला की राजीनामा द्यावयाचा, असा नियम बहुतेक ठिकाणी असे. नोकरी ही माहेरची गोष्ट, सासरी तिचे काम नाही, असाच त्याचा अर्थ.

१९१६ साली पुरुषांची सक्तीची सैन्यभरती सुरू झाली आणि हे चित्र झपाट्याने पालटले. ट्रामगाड्यांवर तिकिटे फाडणे, टपाल वाटणे, बँकांत हिशेब लिहिणे, शेते नांगरणे ही कामे स्त्रियांकडे आली. सर्वांत मोठी भरती झाली ती दारूगोळ्याच्या कारखान्यांत. युद्ध संपण्याच्या सुमारास तेथे नऊ लाखांहून अधिक स्त्रिया काम करीत होत्या. चाकरीपेक्षा तेथे वेतन बरे मिळे आणि संध्याकाळ आपली स्वतःची असे; म्हणून अनेक मुली आनंदाने गेल्या.

परंतु त्या कामाची किंमतही मोठी होती. टी.एन.टी. ह्या स्फोटक द्रव्याच्या सतत संपर्काने त्यांची त्वचा आणि केसांच्या कडा पिवळ्या पडत. लोक त्यांना 'कॅनरी' म्हणत. कॅनरी हा पिवळ्या रंगाचा लहानसा गाणारा पक्षी आहे. नाव गमतीचे वाटले तरी तो पिवळेपणा विषाचा होता, आणि त्याने यकृत बिघडून काहींचा मृत्यूही ओढवला. ५ डिसेंबर १९१६ च्या रात्री लीड्स शहराजवळील बार्नबो येथील कारखान्यात स्फोट होऊन ३५ स्त्रिया ठार झाल्या. युद्धकाळातील गुप्ततेमुळे त्या अपघाताची वार्ता त्या वेळी उघडपणे सांगितलीही गेली नाही.

वेतनाचा प्रश्नही तेव्हाच उभा राहिला. ऑगस्ट १९१८ मध्ये लंडनच्या बस व ट्रामगाड्यांवरील पुरुषांना आठवड्याला ५ शिलिंगांचा जादा युद्धभत्ता मंजूर झाला. तेच काम करणाऱ्या स्त्रियांना मात्र तो नाकारला गेला. स्त्रियांनी संप पुकारला. तो इतर शहरांतही पसरला आणि थोड्याच दिवसांत तो भत्ता त्यांना द्यावा लागला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत स्त्रियांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार प्रथम मिळाला होता. आमच्या विद्यार्थ्यांच्या 'त्यामुळे'चा उगम येथेच आहे. परंतु कायद्यातील अट नीट वाचावी. पुरुषास हा अधिकार वयाच्या २१ व्या वर्षी मिळाला; स्त्रीस मात्र ३० वर्षे पूर्ण असणे व शिवाय मालमत्तेची किंवा तत्सम पात्रता असणे आवश्यक होते. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील बहुसंख्य मुली विशीतल्या. म्हणजे ज्यांचे हात पिवळे झाले, त्यांतील बहुतेकींच्या हाती मतपत्रिका आली नाही. पुरुषांबरोबरीचा मताधिकार येण्यास १९२८ साल उजाडावे लागले. शिवाय मताधिकाराची चळवळ युद्धापूर्वी कित्येक दशके चालू होती, हेही विसरून चालणार नाही.

१९१९ साली युद्धपूर्व कामाच्या पद्धती पुन्हा लागू करण्याचा कायदा झाला. परतलेल्या सैनिकांना जागा मोकळ्या करून देण्यात आल्या आणि लक्षावधी स्त्रियांचे काम गेले. बेकारभत्ता मागणाऱ्या स्त्रियांना घरकामाच्या चाकऱ्या दाखविण्यात येत आणि ती नाकारल्यास भत्ता बंद होई. आपल्याकडे 'गरज सरो, वैद्य मरो' अशी म्हण आहे. तिचा ह्याहून चपखल दाखला शोधून सापडणे कठीण.

दुसरे महायुद्ध : सरकारचे बोलावणे

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा ह्या युद्धात घर आणि रणांगण ह्यांतील सीमारेषाच पुसली जाणार हे सरकारने ओळखले होते. विमानांतून बाँब पडणार, ते शहरांवर पडणार. हवाई हल्ल्यांच्या वेळी मदतीसाठी स्त्रियांची एक स्वयंसेवी संघटना लेडी रीडिंग ह्यांनी १९३८ मध्येच स्थापन केली होती. ह्यांचे पती लॉर्ड रीडिंग हे १९२१ ते १९२६ ह्या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते.

पुरुषांचे बळ अपुरे पडू लागताच मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन ह्यांनी १९४१ च्या वसंतात स्त्रियांची नावनोंदणी सुरू केली. डिसेंबर १९४१ मध्ये तर २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रिया व निपुत्रिक विधवा ह्यांना सक्तीने राष्ट्रसेवेस बोलावण्याचा कायदा झाला. सैन्याच्या साहाय्यक दलांत जावे, नागरी संरक्षणात जावे की कारखान्यात, एवढी निवड त्यांच्याकडे ठेवली होती. चौदा वर्षांखालील मुलांच्या मातांना कामास लावीत नसत. तरी त्यांतील पुष्कळ जणी आपणहून गेल्या.

तिन्ही साहाय्यक दलांत मिळून सुमारे साडेचार लाख स्त्रिया दाखल झाल्या. विमानविरोधी तोफांच्या ठाण्यांवर शत्रूचे विमान हेरणे, त्याची उंची व दिशा मोजणे, झोत टाकणे ही कामे त्या करीत; मात्र तोफ डागण्याची परवानगी त्यांना नव्हती. शेतीवरील महिलादलात ८० हजारांहून अधिक मुली होत्या. लंडनमधील थेम्स नदीवरचा वॉटर्लू पूल ह्याच वर्षांत बांधला गेला आणि त्यावर स्त्रियांनी मोठ्या संख्येने काम केले. १९४५ मध्ये त्याच्या उद्घाटनप्रसंगी वक्त्यांनी पूल बांधणाऱ्या पुरुषांची मुक्तकंठाने प्रशंसा केली; स्त्रियांचा उल्लेख राहून गेला. आज मात्र लोक त्यास 'बायकांचा पूल' ह्या नावानेही ओळखतात.

घराचा उंबरठा

आतापर्यंत सांगितले ते बाहेरच्या कामाविषयी. परंतु आमच्या मते खरी परीक्षा घरात झाली.

युद्धाच्या पहिल्याच दिवसांत मोठ्या शहरांतून सुमारे पंधरा लाख माणसे खेड्यापाड्यांत हलविण्यात आली. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. गळ्यात नावाची चिठ्ठी आणि हातात लहानसे बोचके घेऊन मुले अनोळखी घरी राहावयास गेली, आणि तेथील गृहिणींनी परक्या मुलांचे आईपण पत्करले. ज्यांची मुले गेली त्या मातांचे घर ओस पडले. ज्यांच्याकडे आली त्यांचे भरून गेले. आई कोण आणि पाहुणी कोण, ह्या नात्यांची अशी उलथापालथ एकाच आठवड्यात झाली.

जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आणि डुकराचे खारविलेले मांस ह्यांवर नियंत्रण आले. पुढे चहा, कापड अशी यादी वाढतच गेली. रेशनच्या वस्तू मिळविण्यासाठी रांगेत तिष्ठत राहणे हे स्वतंत्र कामच होऊन बसले. आता अशा स्त्रीची कल्पना करा, जी कारखान्यात दहा-दहा तासांची पाळी करते. ती सुटते तेव्हा दुकाने बंद झालेली असतात. मग ती शनिवारी कामावर येत नाही. व्यवस्थापक तिला बेजबाबदार म्हणतात. पण घरी भाजी आणि धुणे दोन्ही तिचीच वाट पाहत असतात. अखेर ही अडचण सरकारच्या ध्यानात आली. काही ठिकाणी एकच जागा दोघींत वाटून अर्धवेळ काम देण्यात आले. सुमारे दीड हजार पाळणाघरे पूर्ण दिवस चालू लागली. स्वस्त दरात शिजलेले अन्न देणारी दोन हजारांवर सार्वजनिक भोजनालये निघाली.

ह्यातील मर्म विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. मूल सांभाळणे आणि अन्न शिजविणे ही घरातील 'बाईची कामे' समाजाने वाटून घेतल्याशिवाय तिला बाहेर पूर्ण वेळ काम करता येत नाही, ही गोष्ट सरकारने पैसा खर्चून मान्य केली. परंतु ती कामे घरातील पुरुषांनी वाटून घ्यावीत, असे मात्र कोणत्याही कायद्याने सांगितले नाही.

ह्या काळाचे एक जिवंत चित्र नेला लास्ट ह्या गृहिणीच्या रोजनिशीत पाहावयास मिळते. बॅरो-इन-फर्नेस ह्या जहाजबांधणीच्या गावी राहणाऱ्या नेलाबाई युद्ध सुरू झाले तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. पती सुतारकाम करीत, दोन मुलगे मोठे झालेले. सामान्य लोकांचे जीवन नोंदविणाऱ्या एका संस्थेसाठी त्यांनी रोज लिहावयास आरंभ केला आणि ते वर्षानुवर्षे चालू ठेवले. स्वयंसेवी संघटनेच्या केंद्रात शिवणकाम, सैनिकांसाठी उपाहारगृह, जुन्या वस्तूंचे दुकान अशी कामे त्या करू लागल्या. पतीच्या लहरी सांभाळण्यात आपली सारी वर्षे गेली. पण चार लोकांत काम केल्यावर आपणही काही करू शकतो हे आपल्याला कळले, अशा आशयाचे विचार त्या रोजनिशीत उमटले आहेत. ती १९८१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. नेलाबाईंना ह्या कामाचे वेतन मिळत नव्हते, त्यांच्यासाठी कोणताही कायदा बदलला नव्हता. तरी घरात त्यांचा आवाज बदलला होता. पैशात मोजता न येणारे असे काही युद्धकाळाने दिले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

समान काम, असमान दाम

आता वेतनाकडे वळू. १९४० साली यंत्रकारखान्यांचे मालक आणि मजूरसंघ ह्यांच्यात करार झाला. पुरुषाच्या जागी काम करणाऱ्या स्त्रीस ३२ आठवड्यांनंतर पुरुषाइतके वेतन द्यावे, असे त्यात ठरले; पण अट अशी की, तिने ते काम जादा देखरेखीशिवाय वा मदतीशिवाय करावे. करारातील हीच फट मोठी ठरली. यंत्र जुळवून देण्यास एखादा पुरुष आला की 'मदत' झाली, आणि वेतन कमी ठेवता आले. परिणामी कारखान्यांतील स्त्रियांची सरासरी कमाई पुरुषांच्या निम्म्याच्या आसपासच राहिली. १९४३ च्या अखेरीस ग्लासगोजवळील हिलिंग्टन येथे ह्याच प्रश्नावर हजारो कामगारांनी संप केला, आणि त्यात पुरुषही सहभागी झाले. काम कोण करते हे न पाहता कोणते यंत्र चालविले जाते ते पाहून वेतन ठरावे, असे तत्त्व तेथे मान्य झाले.

बाँबच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांना सरकार नुकसानभरपाई देई. तीही स्त्रीस कमी होती! तुटलेला पाय पुरुषाचा असला तर महाग आणि स्त्रीचा असला तर स्वस्त, असा हा हिशेब. पार्लमेंटातील निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रीसभासदांनी एकजुटीने झगडून एप्रिल १९४३ मध्ये तो भेद दूर केला. कारखान्यातून विमाने हवाई तळांवर पोचविणाऱ्या नागरी वैमानिकदलात १६० हून अधिक स्त्रिया होत्या. त्यांनाही प्रारंभी पुरुषांहून कमी वेतन होते. १९४३ मध्ये ते समान झाले.

आम्हां शिक्षकांस विशेष जवळची वाटावी अशी एक घटना पुढच्याच वर्षी घडली. मार्च १९४४ मध्ये पार्लमेंटात शिक्षणाच्या नव्या विधेयकावर चर्चा चालू होती. थेल्मा कॅझलेट-कीर ह्या सभासद बाईंनी दुरुस्ती सुचविली की, शिक्षक आणि शिक्षिका ह्यांना समान वेतन असावे. २८ मार्च रोजी मते मोजली गेली : बाजूने ११७, विरुद्ध ११६. एका मताने दुरुस्ती संमत झाली! परंतु हा आनंद फार टिकला नाही. पंतप्रधान चर्चिल ह्यांनी हा सरकारवरील विश्वासाचा प्रश्न केला. ऐन युद्धात सरकार पाडण्याची जोखीम कोण घेणार? ३० मार्च रोजी ४२५ विरुद्ध २३ मतांनी तो निर्णय फिरविण्यात आला. दोनच दिवसांचे समान वेतन, आणि तेही कागदावरचे! प्रश्नाचा विचार करण्यासाठी चौकशी आयोग नेमण्यात आला. शिक्षिकांना समान वेतन टप्प्याटप्प्याने मिळत गेले ते १९५५ ते १९६१ ह्या काळात, म्हणजे युद्ध संपून दहा-पंधरा वर्षे लोटल्यावर. सर्व क्षेत्रांसाठी समान वेतनाचा कायदा तर १९७० साली झाला आणि १९७५ च्या अखेरीस अमलात आला.

युद्धानंतर काय उरले?

१९४५ मध्ये शांतता झाली. पाळणाघरांचे सरकारी अनुदान घटले आणि अनेक पाळणाघरे बंद पडली. पुष्कळ स्त्रिया घरी परतल्या. त्या सर्वांना बळेच घालविले, असे म्हणणे मात्र सत्यास सोडून होईल. कित्येकींना सहा वर्षांच्या ताटातुटीनंतर आपले घर, आपला संसार हवासा झाला होता. कित्येक घरी बाप परतला तो मुलांना ओळखू येईना. घाईने झालेली लग्ने आणि दीर्घ वियोग ह्यांचे ओझे काही संसारांना पेलवले नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये युद्धापूर्वी वर्षाला दहा हजारांच्या आत असलेले घटस्फोट १९४७ मध्ये साठ हजारांवर गेले. आणि नवल असे की, त्याच १९४७ साली मनुष्यबळ कमी पडू लागताच सरकारने स्त्रियांना पुन्हा कारखान्यांत येण्याचे आवाहन केले!

मग टिकले काय? आमच्या मते जे कायद्यात लिहिले गेले ते टिकले. शिक्षिकेने विवाह केल्यास तिला काढून टाकण्याचा नियम १९४४ च्या शिक्षण कायद्याने रद्द झाला. मुलकी नोकरीतील तसा नियम १९४६ मध्ये गेला. एलिनॉर रॅथबोन ह्या विदुषी सभासदांनी सुमारे पाव शतक एक मागणी लावून धरली होती की, मुलांच्या पालनपोषणासाठी सरकारने कुटुंबास साहाय्य द्यावे. १९४५ मध्ये तसा कायदा होण्याची वेळ आली तेव्हा मूळ मसुद्यात ती रक्कम पित्याच्या नावे होती. रॅथबोनबाईंनी त्यास निकराने विरोध केला आणि ती मातेच्या हाती पडावी असा बदल करवून घेतला. दुसऱ्या मुलापासून पुढे दर मुलामागे आठवड्यास ५ शिलिंग, एवढीच ती रक्कम. पण ज्या गृहिणीने स्वतःच्या नावाचे पैसे कधी पाहिले नव्हते, तिच्यासाठी ती मोठी गोष्ट होती. ऑगस्ट १९४६ मध्ये ही योजना सुरू झाली. तिच्या जननीचे मात्र त्याच वर्षी जानेवारीत निधन झाले होते.

आपल्याकडे पाहू

ह्या युद्धाची झळ आपल्या देशासही लागली. हिंदी स्त्रियांचे साहाय्यक दल १९४२ मध्ये उभे राहिले. उलट बाजूस, १९४३ मध्ये सिंगापुरात नेताजींच्या आझाद हिंद सेनेत कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन ह्यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे पथक निघाले, आणि त्यास झाशीच्या राणीचे नाव देण्यात आले. ही दोन्ही उदाहरणे अभिमानाने सांगितली जातात. तिसरे फारसे कोणी सांगत नाही. कोळशाच्या खाणीत जमिनीखाली स्त्रियांनी काम करू नये, असा निर्बंध १९३७ पासून आपल्या देशात पूर्णपणे लागू होता. युद्धासाठी कोळसा कमी पडू लागताच १९४३ मध्ये तो उठविण्यात आला आणि गरीब मजूर स्त्रिया पुन्हा खाणीत उतरल्या. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये निर्बंध परत आला. म्हणजे दार उघडणे आणि दार लावणे, दोन्ही वेळी विचार झाला तो कोळशाचा.

आमच्या बेळगावात मराठा पलटणींचे केंद्र आहे. ह्या परिसरातील आणि घाटावरील कितीतरी घरांतून जवान दूरदेशी लढावयास गेले. त्यांच्या शौर्याच्या नोंदी पलटणीच्या दप्तरी आहेत, आणि त्या असाव्यातच. परंतु तो परत येईपर्यंत नांगर कोणी धरला, सावकाराशी बोलणे कोणी केले, मनिऑर्डरीचा पैसा कसा पुरविला, म्हाताऱ्या सासऱ्याचे औषधपाणी कोणी पाहिले, ह्याच्या नोंदी कोठे आहेत? नेला लास्टसारखी रोजनिशी आपल्याकडील किती गृहिणींनी लिहिली असेल? बहुतेकींच्या हाती लेखणीच नव्हती. त्यांच्या आठवणी आता तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या तोंडी काय उरल्या असतील तेवढ्याच.

तेव्हा 'महायुद्धामुळे स्त्रियांना हक्क मिळाले' ह्या वाक्यात आम्ही एवढीच दुरुस्ती सुचवू : महायुद्धांमुळे स्त्रियांना काम मिळाले; हक्क मात्र त्यांना मागून, झगडून आणि कायद्यात लिहवून घ्यावे लागले. गरजेपोटी मिळालेले काम गरज सरताच परत मागितले जाते. आपल्या राज्यघटनेच्या ३९ व्या कलमात समान कामास समान वेतनाचे तत्त्व आरंभापासून आहे आणि १९७६ मध्ये त्याचा कायदाही झाला. कायद्याची पोच कारखान्याच्या आणि शाळेच्या दारापर्यंत असते. घराच्या उंबरठ्याआतला हिशेब घरच्यांनीच मांडावयाचा असतो.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी थोडा स्वाध्याय. तो सुटीत करावा आणि वहीत लिहून आणावा.

१. घरातील वा शेजारच्या सर्वांत वृद्ध स्त्रीस भेटून विचारा : घरचा कर्ता पुरुष सैन्यात, परगावी किंवा बोटीवर असताना तिने किंवा तिच्या सासूने कोणकोणती कामे केली? त्यांतील कोणती कामे पुरुष परतल्यावर तिच्याकडे राहिली आणि कोणती काढून घेतली गेली?

२. आपल्या घरी सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत होणाऱ्या कामांची यादी करा आणि प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचे नाव लिहा. यादी वडीलधाऱ्यांस वाचून दाखवा.

३. 'बाईची कामे समाजाने वाटून घेतली, पण घरातील पुरुषांनी घेतली नाहीत,' ह्या विधानाची चर्चा लेखातील उदाहरणांच्या आधारे करा.

दुसरा प्रश्न मुलग्यांनी विशेष काळजीपूर्वक सोडवावा, अशी आमची सूचना आहे.